घरातील बुरशी : तिचे मूळ, निर्मूलन व प्रतिबंध

आषाढ लागून दोन-तीन दिवस सारखी झड राहिली की स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत पाणी सुटू लागते. ही गोष्ट प्रत्येक गृहिणीच्या नित्य अनुभवातील आहे. परंतु तिचा घराच्या आरोग्याशी काही संबंध आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शुद्ध मीठ हवेतील बाष्प शोषून पाझरू लागते ते हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे. भिंत, लाकूड, चामडे, कापड व साठवलेले धान्य यांवर बहुतेक प्रकारच्या बुरशी वाढू लागतात, त्याही साधारण ७५ ते ८० टक्के आर्द्रतेपासूनच. म्हणजे मिठाला पाणी सुटले की त्या खोलीत बुरशीस पोषक परिस्थिती निर्माण झाली, असे खुशाल समजावे. खडे मीठ थोडे आधीच पाझरते, त्यामुळे इशारा लवकर मिळतो इतकेच. ज्या खोलीविषयी शंका असेल तेथे वाटीभर कोरडे मीठ ठेवून रोज सकाळी पाहावे. याहून स्वस्त मोजमाप ग्रामकार्यकर्त्यास दुसरे मिळणार नाही.

बुरशी म्हणजे काय हे शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. सुपारीवरील कोळेरोग, द्राक्षावरील केवडा ही संकटे त्याने पाहिलेली असतात. घरातील बुरशीचेही बीजाणू हवेत सर्वत्र व सर्वकाळ असतात. ते घरात येऊच नयेत असा बंदोबस्त करणे शक्य नाही. बीजाणू आहेत, उष्णता आहे, आणि चुन्यातील खळ, लाकूड, कागद, धूळ हे खाद्यही आहे. मग उरते ते फक्त पाणी. या चार गोष्टींपैकी आपल्या हाती असलेली एकच गोष्ट म्हणजे पाणी होय. बुरशी मारण्याची औषधे शोधीत बसण्यापेक्षा ओल कोठून येते ते शोधावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. ओल तशीच ठेवून बुरशी पुसणे म्हणजे बांध फुटलेला ठेवून शेतातील पाणी उपसण्यासारखे आहे.

घर बदलले, ओल राहिली

पुष्कळ वृद्ध मंडळी म्हणतात की, आमच्या जुन्या घरात एवढी बुरशी नव्हती. यात तथ्य आहे, आणि त्याची कारणेही उघड आहेत. कोकणातील जुने घर कौलारू असे. वळचण पुष्कळ बाहेर काढलेली असल्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडे. पश्चिमेच्या बाजूस झड अडविण्यासाठी झावळ्यांचे विणलेले झाप बांधीत. चुलीची ऊब माळ्यापर्यंत पोचे, आणि वाफ व धूर दोन्ही कौलांच्या फटींतून निघून जात. बियाण्याचे मुडे व कणसे माळ्यावर चुलीच्या वर टांगण्याची चाल होती, ती केवळ जागेच्या सोयीसाठी नव्हती.

आता चुलीच्या जागी गॅस आला. स्त्रियांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने ही अत्यंत चांगली गोष्ट झाली, आणि बुरशीसाठी पुन्हा धूर करावा असे कोणी सुचवील तर ते मुळीच ऐकू नये. परंतु गॅस जळतानाही पाणी निर्माण होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. एक किलो गॅस पुरता जळला म्हणजे सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचा हिशेब केला तर ते पाणी सुमारे २२ लिटर भरते. भाताच्या आधणाची, आंघोळीच्या पाण्याची व घरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्याखेरीज निराळी. कौलांच्या फटी गेल्या, वर स्लॅब आला, आणि ही सारी वाफ कोंडली गेली. गार भिंतीवर किंवा कपाटामागे ती निवते आणि तेथे काळे ठिपके उमटतात.

दुसरा बदल सिमेंटच्या गिलाव्याचा. मातीची किंवा जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि उघाड मिळताच ते बाहेर टाकते. मातीचा लेप व चुन्याचा गिलावा यांतून भिंतीस हा श्वासोच्छ्वास करता येतो. अशा भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला आणि वर तेलाचा रंग दिला म्हणजे जमिनीतून वर चढलेली ओल आतच अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात, लोणा फुटतो, आणि घरमालक गवंड्यास दोष देऊन पुन्हा तसाच गिलावा करवून घेतो. जुन्या मातीच्या घरास ‘पक्के’ करण्याच्या हौसेपायी असे पुष्कळांचे पैसे वाया जातात. जांभ्याच्या घरास बाहेरून चुन्याची दरज भरावी व भिंत उघडी ठेवावी, हे दिसावयास साधे असले तरी अधिक टिकाऊ आहे.

ओल येते कोठून?

घर पाहावयास गेल्यावर प्रथम औषधाचे नाव काढू नये. डाग कोठे आहे, त्याचा आकार कसा आहे आणि तो कोणत्या महिन्यात प्रथम दिसला, हे विचारावे. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत आडवा पट्टा दिसत असेल व त्याच्या वरच्या कडेस पांढरा क्षार फुटला असेल, तर ओल जोत्यातून वर चढत आहे. छताच्या कोपऱ्यात किंवा स्लॅबच्या मध्यावर गोल, पिवळसर कडेचा डाग असेल तर वर गळती आहे. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत सर्व अंगाने ओलावत असेल तर झडीचे पाणी आत येत आहे. आणि कपाटामागे, पेटीखाली, न्हाणीच्या छतावर किंवा कोपऱ्यांत नुसते विखुरलेले काळे-हिरवे ठिपके असतील, तर बहुधा घरातलीच वाफ निवत आहे.

तरीही संशय राहिला तर एक सोपी परीक्षा करावी. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद भिंतीस लावून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्या आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील अंगास थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील अंगास जमले तर ते हवेतील आहे. दोन्ही अंगांस थेंब असले तर दोन्ही उपाय करावे लागतील. ही परीक्षा गवंड्यासमक्ष केली तर पुढील वाद टळतो.

जोत्यातील ओलीवर खरा उपाय घर बांधतानाच करावयाचा असतो. भिंत वर चढविण्यापूर्वी जोत्यावर डांबराचा किंवा दाट सिमेंट-काँक्रीटचा ओलरोधक थर घातला जातो. तो एकदा राहून गेला म्हणजे नंतर घालणे फार खर्चाचे होते. घरकुलाच्या बांधकामावर जाणाऱ्या कार्यकर्त्याने इतर काही पाहिले नाही तरी चालेल, पण हा थर आपल्या डोळ्यांनी पाहावा. झालेल्या घरास मात्र अंगणाचा उतार घरापासून बाहेर करणे, भिंतीलगतचे मातीचे ढीग व सरपण हलविणे, पन्हळ नीट करून तिचे पाणी दूर नेणे, आणि भिंतीस खेटून केलेली फुलझाडांची आळी काढणे, इतके तरी करता येते. भिंतीलगतच्या अळवाच्या वाफ्यात सांडपाणी सोडण्याची सवय पुष्कळ घरांतून आहे. माजघरातील ओलीचे मूळ अनेकदा तेथेच सापडते.

घरातील वाफेवर उपाय स्वस्त आहे. गॅसच्या वर भिंतीत झरोका ठेवावा. वीज असेल तर हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा. भांड्यांवर झाकणे ठेवावी. ओले कपडे पडवीत किंवा ओट्यावर वाळवावे, निजण्याच्या खोलीत नव्हे. कपाटे व पेट्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढाव्या. खिडक्यांविषयी मात्र तारतम्य पाहिजे. मुसळधार पावसात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेव्हा दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून घर वाळत नाही. फक्त स्वयंपाकाची व न्हाणीची वाफ बाहेर जाण्यापुरत्या त्या उघडाव्या. उघाड मिळून ऊन पडले की मात्र सर्व दारे-खिडक्या एकदम सताड उघडाव्या, अंथरुणे बाहेर काढावी, कपाटांची दारे मोकळी सोडावी. श्रावणातील अशी दोन तासांची उन्हे वाया घालवू नयेत.

बुरशी काढण्याची रीत

ओलीचा मार्ग बंद केल्यावर, आणि त्यानंतरच, बुरशी काढावयास घ्यावी. डाग एक चौरस मीटरच्या आत असेल तर घरातील धडधाकट माणसाने ते काम करण्यास हरकत नाही. त्याहून मोठा असेल तर या कामाची माहिती असलेला माणूस बोलवावा. दमा असलेल्यांनी, मधुमेहींनी, गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी काम चालू असताना त्या खोलीत थांबू नये. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही; एन-९५ जातीची मुखपट्टी, रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा वापरावा. माजघराकडील दार बंद करावे, बाहेरील खिडकी उघडावी.

कोरड्या झाडूने किंवा कुंचल्याने भिंत खरवडण्याची चूक बहुतेक जण करतात. तसे केल्याने कोट्यवधी बीजाणू हवेत उडतात आणि साऱ्या घरात पसरतात. प्रथम डागावर पाणी फवारून तो भिजवावा, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, मग धुण्याचा सोडा किंवा साबणाच्या पाण्याने घासावा. फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावी. फरशी, काच, धातू, चिनी मातीच्या लाद्या अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर नंतर विरंजक चूर्णाचे, म्हणजेच ब्लीचिंग पावडरचे पाणी लावता येते. ताज्या चूर्णाचे प्रमाण एक लिटर पाण्यास सुमारे १० ग्रॅम ठेवावे, दहा मिनिटांनी ते पुसून काढावे. हे पाणी आम्ल असलेल्या संडास धुण्याच्या द्रावात, व्हिनेगरमध्ये किंवा नवसागरात कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद न्हाणीत जीवघेणा ठरतो.

सच्छिद्र वस्तूंना मात्र विरंजकाचा उपयोग फारसा नाही. डाग पांढरा होतो, पण बुरशीचे तंतू आत शिल्लक राहतात आणि वर घातलेल्या पाण्याने त्यांस उलट ओलच मिळते. लाकडी चौकटी व वासे घासून, कडक वाळवून, त्यांवर टाकणखाराचे पाणी (लिटरला सुमारे ६० ग्रॅम) लावावे व न धुता वाळू द्यावे. हे पाणी मुलांच्या व गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नये. कापसाच्या गाद्या, उशा, पुठ्ठे यांत बुरशी खोल शिरली असेल तर त्या फेकून द्याव्या. घरधनिणीस हे जड जाते, हे ठाऊक आहे. परंतु त्याच गादीवर दमेकरी मूल निजत असेल तर तिची किंमत औषधपाण्यात दुप्पट मोजावी लागते. भिंतीचा पोपडे धरलेला रंग व भुसभुशीत गिलावा घट्ट भागापर्यंत काढून टाकावा. बुरशीवरच नवा रंग फासला तर तो पहिल्या पावसाळ्यातच सुटतो. बाजारात बुरशीरोधक रंग मिळतात. कोरड्या भिंतीवर त्यांचा उपयोग होतो, ओल्या भिंतीवर होत नाही. औषधाची धुरी देऊन घर ‘निर्जंतुक’ करून देतो, असे सांगणाऱ्यास ओल कोठून येते हे विचारावे. त्याचे उत्तर त्यास देता आले नाही तर पैसे देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. बागेसाठी आणलेले बुरशीनाशक उरले म्हणून ते घराच्या भिंतींवर फवारणे, किंवा खोलीत गंधक जाळणे, हे प्रकार कोणी करू नयेत. पिकासाठी असलेले औषध उघड्या शेतासाठी आहे. ज्या खोलीत माणसे बारा तास श्वास घेतात, त्या खोलीसाठी नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघर पोचला, आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक घाबरतात. तो आजार म्युकर वर्गातील बुरशींमुळे होतो. रक्तातील साखर फार वाढलेली आहे, किंवा स्टेरॉइड औषधे चालू आहेत, अशांस तो मुख्यतः गाठतो. भिंतीवरील काळे डाग सामान्यतः दुसऱ्याच जातींचे असतात आणि त्यांपासून निरोगी माणसास तो आजार जडत नाही. त्यांचा खरा त्रास म्हणजे शिंका, खोकला, डोळे चुरचुरणे व दमा बळावणे हा होय, आणि तोही लहान मानण्यासारखा नाही. डाग कोणत्या जातीचा आहे हे तपासून घेण्याची गरज नसते. रंग कोणताही असो, उपाय तोच.

धान्य व वैरण

घराची ओल भिंतीवर थांबत नाही, ती कोठीत उतरते. आणि तेथे गोष्ट वेगळी होते. भिंतीची बुरशी त्रास देते, धान्याची बुरशी प्राण घेऊ शकते. मका, भुईमूग व पेंड यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीतील या विषाने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. आपल्या शेजारी, राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत १९७४ च्या अखेरीस अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ उसळली आणि शंभरावर माणसे दगावली. त्या घरांत तेच अन्न खाणारे कुत्रेही मेले. गरिबीमुळे बुरसलेला मका टाकून देणे त्यांस परवडणारे नव्हते.

हे विष धुऊन जात नाही, शिजवून नष्ट होत नाही, आणि बुरशी चोळून काढली तरी दाण्यात राहते. बुरसलेल्या शेंगा घाण्यावर दिल्या तर न शुद्ध केलेल्या तेलात ते काही प्रमाणात उतरते व पेंडीत पुष्कळ राहते. ती पेंड गाईला घातली तर दुधात येते. म्हणून ‘माणसाला नको तर कोंबड्यांना घालू’ हा हिशेब चुकीचा आहे.

साठवण्यापूर्वी धान्य पुरेसे वाळले की नाही हे पाहण्यासही पुन्हा मीठच उपयोगी पडते. मीठ तव्यावर कोरडे करून निववावे. काचेच्या कोरड्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ टाकावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. चिकटले नाही तरी लगेच कोठी भरू नये. भात १३ टक्क्यांपर्यंत, ज्वारी-गहू १२ टक्क्यांपर्यंत आणि भुईमुगाच्या शेंगा ८ ते ९ टक्क्यांपर्यंत यावयास पाहिजेत, त्यासाठी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन हात दूर रचावी. ज्या भिंतीवर प्लास्टिकच्या कागदाखाली थेंब जमले होते, तिच्याजवळ कोठी ठेवूच नये.

बुरसलेला कडबा किंवा पेंढा झटकताना उडणारी धूळ श्वासात गेली तर काही तासांनी ताप, थंडी व धाप लागते. इंग्लंडात १९३२ साली बुरसलेल्या गवतात काम करणाऱ्यांत या विकाराचे वर्णन झाले, आणि पुढे त्यास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे नाव पडले. आपल्याकडे तो साधा ताप म्हणून दुर्लक्षिला जातो. गंजी मोडताना असा ताप पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांस गंजीविषयी आवर्जून सांगावे.

पुरानंतरचे घर

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे पुराचे पाणी घरांतून उभे राहिले. पाणी ओसरल्यावर बुरशीस एक-दोन दिवसांचाच अवकाश लागतो, म्हणून पहिले ४८ तास मोलाचे असतात. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री झाल्याखेरीज आत जाऊ नये. मातीच्या भिंती पाणी उतरल्यावर ढासळतात. त्या तडकल्या आहेत का हे बाहेरून पाहावे. गाळ ओला असतानाच उपसावा. भिजलेले अंथरूण, पुठ्ठे, प्लायवूडची कपाटे बाहेर काढावी. पुरात भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह टाळावा. भिंतींवरील रंग खरवडून त्या उघड्या ठेवाव्या. मदत मिळाली म्हणून महिन्याभरात रंग काढण्याची घाई होते, पण जाड दगडी भिंत वाळण्यास कित्येक महिने लागतात. प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा कोरडी निघेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

चुन्याचा हात

दसरा-दिवाळीस घर सारवून चुना देण्याची आपली पद्धत ऋतुमानाला धरून आहे. आश्विनातील उन्हाने भिंत वाळलेली असते, आणि ताज्या चुन्याची अल्कता इतकी तीव्र असते की बुरशी तीवर तग धरीत नाही. हवा लागून चुना हळूहळू मुरतो व ही अल्कता कमी होते. म्हणून बुरशी धरणाऱ्या भिंतीस वैशाखात आणखी एक पातळ हात द्यावा. कळीचा चुना पाण्यात विझवून किमान दोन दिवस भिजू द्यावा, जाडसर कापडातून गाळावा, आणि ताकासारखा पातळ करून लावावा. चिकटपणासाठी डिंक अगदी बेताचा घालावा. खळ व सरस जास्त झाले की तेच बुरशीचे खाद्य होते. चुना पक्का बसावा म्हणून काही ठिकाणी त्यात मीठ घालतात. कोरड्या मुलखात ते खपून जाते, परंतु कोकणात व घाटमाथ्यावर घालू नये, कारण आषाढात बरणीतले मीठ जे करते तेच भिंतीतले मीठही करते. भिंतीवर आधी पाणी शिंपडावे, पहिला हात पुरता वाळल्यावर दुसरा द्यावा. चुना विझताना उकळून उडतो व डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, तेव्हा त्या वेळी मुलांना पिंपाजवळ फिरकू देऊ नये.